पीठ असतं तर भिजलं असतं

९ फेब्रुवारी

आत्या,

खुनाच्या पुस्तकाची शेवटची पानं कापून पाठवणं हे खुनापेक्षा वाईट आहे, आणि या वेळी मी ऐकून घेणार नाही. मागे म्हणालीस कसर लागली. त्याच्याही मागे म्हणालीस वाचनालयाच्या कुणा सभासदाच्या पोराने फाडली. अगं, कसर काय पट्टी लावून खाते? कट सरळ आहे, शिवणीपासून अर्धं बोट सोडून, एका दमात मारलेला. कापलेली कड मी ओळखतो. दिवसभर पाव कापतो ना.

इथे काय झालं ते ऐक. खोलीत आम्ही सहा जण, एकावर एक खाटा. माझ्या खालच्या खाटेवर मिस्त्री. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, नाव कुणी विचारत नाही. भट्टीचं काम बघतात. त्यांना वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचतो, आणि म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मला! सातवीत ज्यांनी मला वर्गाबाहेर काढलं ते गुरुजी हे ऐकून भिंतीवर डोकं आपटतील. तर त्या खुनाने सगळ्या खोलीला वेड लावलं होतं. जेवताना भांडणं, औषधवाला की मोठी सून. जो पोरगा कधी तोंड उघडत नाही तो एकदम म्हणाला, सून. आणि मी पान उलटतो तर समोर पुठ्ठा! वरच्याने उशी फेकून मारली. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, तुमची आत्या एक तर फार दुष्ट आहे नाहीतर फार भली. मधली बाई असलं काही करत नाही."

माझं मत म्हणशील तर पुस्तक चांगलं, पण सुरुवातीला नुसतं धुकं. धुकं आहे हे एकदा सांगितलं की कळतं, आम्हाला काय त्यातून सायकल चालवायचीय?

खून कुणी केला ते लिही. पुस्तक बसच्या ड्रायव्हरकाकांकडे दिलंय, झटकून पुसून. पैसे नेहमीसारखे आईच्या नावावर टाकलेत, वीस हजार. बाबा कसे आहेत ते खरं लिही, आई फोनवर नुसतं "बरे आहेत" म्हणते.

तुझा भाचा

२१ फेब्रुवारी

मास्तर,

आधी निकाल. खून धाकट्या मुलाने केला. तो परगावी कमवायला गेलाय असं सगळे पुस्तकभर म्हणतात, पण तो गेलेलाच नसतो. शेवटी त्याला फाशी होते आणि त्याची आई तरीही जेवणाच्या वेळी त्याचं ताट मांडते. झालं समाधान? सांग तुझ्या खोलीला. आणि धुकं नसतं तर सुनेवर संशय गेला असता का? डोकं लाव जरा.

कापलं मी. कबूल. तू नवा नवा गेलास तेव्हा मी एक पुस्तक पाठवलं होतं, परक्या शहरात एकट्याने राहणाऱ्या मुलाचं. त्याचा शेवट वाचून तू दोन महिने पत्र लिहिलं नाहीस. फोनवर "हो, बरं, ठेवतो", बस. तुझी आई माझ्याकडे येऊन बसायची आणि माझ्याकडे नुसती बघायची, जणू मी तुला विष पाठवलं. तेव्हापासून तुझ्याकडे निघालेल्या पुस्तकाचा शेवट वाईट असला की मी ब्लेड घेते. पानं टाकत नाही. लखोट्यात घालून कपाटात ठेवते, पुस्तक परत आलं की चिकटवते. सभासद कुरकुरतात की तुमच्या वाचनालयात सगळ्या दुःखी पुस्तकांना मागून ठिगळ कसं. मी म्हणते, दुःखी पुस्तकं जास्त वाचली जातात, म्हणून झिजतात.

दादाची डावी बाजू तशीच आहे. पण मालिशवाला रोज येतो, त्याला कुशीवर वळवतो, बगलेत हात घालून उभा करतो. तुझ्या पैशातले निम्मे त्यालाच जातात. परवा दादा खिडकीपर्यंत गेला आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला शिवी दिली. अर्धीच उमटली, पण कुत्र्याला कळली.

आता हे पुस्तक. खाणीत उतरणारा एक माणूस, त्याची बायको, त्याचा मुलगा. माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांत हे मी फार वर ठेवते. सावकाश वाच, सुरुवातीला हसवतं. शेवट कापला आहे. विचारू नकोस.

आत्या

१८ मार्च

आत्या,

विचारतोय.

असं पुस्तक मी वाचलेलं नाही. त्या बायकोने नवऱ्याच्या सदऱ्याचा वास घेऊन आज तो कुठल्या थरात काम करून आला ते ओळखणं, आणि तिचं बरोबर निघणं! मिस्त्री इतके हसले की त्यांना बसवून पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मुकादम तर डिट्टो आमचा. आमच्या बेकरीचा, म्हणजे.

मग ते बुटाची नाडी बांधण्याचं आलं. तुला आठवत असेल. तो चढावर मध्येच थांबतो, खाली वाकतो, नाडी सोडतो आणि परत बांधतो, दर थोड्या वेळाने. पोराला वाटतं बापाचे बूट सैल आहेत. मी वाचत होतो आणि खालून काही आवाजच नाही. वाकून बघितलं तर मिस्त्री छताकडे, म्हणजे माझ्या खाटेच्या फळीकडे बघत पडलेले. म्हणाले, "लिहिणारा कधी खाली उतरला होता का?" मी म्हटलं माहीत नाही. म्हणाले, "उतरलाय. नाहीतर त्याला हे कळणार नाही. मी चपला घालतो, मला नाडी नाही. मी काय करतो माहितीये? दुकानाच्या काचेत बघतो. काही घ्यायचं असल्यासारखं. या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांतल्या सगळ्या किमती मला पाठ आहेत, मास्तर."

त्यांना दम्याचा त्रास आहे, भट्टीच्या धगीने.

आता माझी पंचाईत समज. पानं संपली आणि ते म्हणतात, पुढे वाचा. मी पुठ्ठ्याकडे बघत वाचायला लागलो. मनाचं. की तो माणूस खाण सोडतो, गावाकडे जातो, शेळ्या पाळतो, पोरगा शाळेत पहिला येतो. मिस्त्री ऐकून घेतात, मग म्हणतात, "शेळ्या? त्या दमावर शेळ्यांच्या मागे धावणार कोण, लेखक?"

मला ती पानं पाहिजेत. त्यांना वाचून दाखवायचीत. मी आता लहान नाही, माझं सोड, पण दुसऱ्याला अर्धं सांगून बसवायचं हे मला जमत नाही. पुस्तक परत पाठवतोय ते केवळ तू त्यात पानं चिकटवून लगेच उलट पाठवशील म्हणून. पैसे वीस पाठवलेत.

३० मार्च

बाळा,

पुस्तक पोचलं. नीट झटकून पाठवलंयस असं वरून दिसतं.

पानं चिकटवायला मी ते उघडं केलं, तर शिवणीत पांढरी रेघ. खुनाच्या पुस्तकातही होती. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं, की पोरगा हात न धुता वाचतो, पीठ सांडतो. या वेळी मी पुस्तक कण्यावर धरून काउंटरवर ठोकलं. चहाचा चमचा भरेल एवढं निघालं. बोटाने पाण्याचा थेंब सोडला. पीठ असतं तर भिजलं असतं, चिकट झालं असतं, बोटाला लागलं असतं. हे भिजलं नाही. खाली बसलं, चिखलासारखं, आणि वाळल्यावर परत उडालं. मग काउंटर ज्याने पुसला त्याच फडक्याने मी विसरून चष्मा पुसला. आता डाव्या काचेवर ओरखडे आहेत, या ओळी मी त्यांच्या मधून लिहितेय.

पिठाने काचेला ओरखडे पडत नाहीत रे.

आणि भट्टी बघणाऱ्या माणसाला खाणीत उतरणाऱ्याची नाडी कशी कळते, तेही मी दोन दिवस डोक्यात घोळवतेय. तू काय कापतोस तिथे? पाव कापणाऱ्याच्या पुस्तकात दोन वर्षांत एक पावाचा कण सापडला नाही मला. मीच मूर्ख.

वहिनीला मी बोलले नाही. लखोटा माझ्यासमोर आहे, सोळा पानं. तू खरं लिही, मी ही पाठवते. एका हाताने दे, दुसऱ्या हाताने घे.   खरं लिही.

आत्या

१७ एप्रिल

आत्या,

बेकरी होती. अगदीच खोटं नाही. पहिले काही महिने मी पावच कापले. मग बाबा पडले, आणि बेकरीच्या पगारात मालिशवाल्याचे बूटसुद्धा आले नसते. मिस्त्री तेव्हा शेजारच्या गल्लीतून पाव घ्यायला यायचे. म्हणाले, आमच्याकडे या, अडीचपट देतात.

आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यांच्या फरश्या कापतो. खरा दगड नाही, दगडाचा भुगा आणि डिंकासारखं काहीतरी दाबून केलेला. दिसायला फार सुंदर, आत्या, आरशासारखा. त्याच्यावर पुढे कुणाचं तरी दूध उतू जाणार, कुणाचं पोर अभ्यासाला बसणार. मशीनला पाण्याची नळी असते, पाणी चालू असलं की धूळ उडत नाही. पण पाण्याने कड दिसत नाही, हात सावकाश चालतो, खाली चिखल होतो तो उपसावा लागतो. म्हणून मुकादम पाणी बंद करतो. कोरडं कापलं की काम पटापट होतं. तेव्हा समोरचा माणूस दिसत नाही. तुझं ते धुकं मला का आवडलं नाही, ते आता कळलं असेल.

सुट्टी झाली की आम्ही हवेच्या नळीने एकमेकांना झटकतो. कपडे, केस, कान. एकदम स्वच्छ वाटतं, अंघोळ केल्यासारखं. पुस्तक मी मधल्या सुट्टीत वाचायला तिथेच खणात ठेवतो, आणि तुझ्याकडे पाठवायच्या आधी त्यालाही हवा मारायचो, की आत्याकडे घाण जायला नको. म्हणजे मीच ती शिवणीत कोंबली. यावर मिस्त्री म्हणाले, "आपल्यालाही तसंच झालंय, मास्तर. वरून झटकलेले, आतून भरलेले."

त्यांना दमा नाही. डॉक्टरने छातीचा फोटो काढला. म्हणाला आत धुळीची पुटं धरलीत, ती आता निघत नाहीत. मुकादम म्हणतो विड्यांनी झालं. मिस्त्रींनी जन्मात विडी ओढलेली नाही, त्यांना वासाने मळमळतं.

मला काही झालेलं नाही. सकाळी जरा खोकला येतो, तो खोलीत सगळ्यांनाच येतो, कोंबडे आरवतात तसा, एकाने सुरू केलं की दुसरा. आईला सांगू नकोस. आणि बाबांना तर नाहीच.

दिलं एका हाताने. आता पाठव.

२९ एप्रिल

बाळा,

पाठवतेय. सोळाच्या सोळा. चिकटवली नाहीत, सुटी आहेत, क्रम लावून घे. वाचायच्या आधी मिस्त्रींना विचार की त्यांना ऐकायचंय का. मला कुणाला विचारायची सवय नाही, तू तरी लाव.

आता माझं ऐक. ते काम सोड. पुढच्या महिन्यात नाही, पत्र वाचून झालं की. मालिशवाल्याला आपण बंद करू. दादाला कुशीवर मी वळवीन, वहिनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या. त्याने दादा परत खिडकीपर्यंत जाईल असं मी म्हणत नाही. बहुतेक नाही जाणार. तो माझा भाऊ आहे, मी काय सोडून देतेय ते मला ठाऊक आहे, आणि हे मी त्याला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. विचारलं तर तो काय म्हणेल? अर्ध्या तोंडाने हो म्हणेल आणि रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडेल.

तू लिहिशील की सोडलं. राग मानू नकोस, पण तुझ्या लिहिण्यावर माझा विश्वास राहिला नाही, मी दोन वर्षं तुझे पाव खाल्ले. म्हणून असं ठरवू. साध्या कामाला पगार फार तर निम्मा मिळेल, हे तुझ्याच हिशोबावरून दिसतं. निम्मे पैसे आले की मी समजेन सोडलंस. वीस आले की समजेन तिथेच आहेस. मग पत्रात काही का लिहीनास.

सोबत मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आहे. बारीक आहे, चित्रांचं आहे, शेवट जागच्या जागी आहे. मिस्त्रींना आवडेल. आणि पुस्तक खणात ठेवू नकोस, उशीखाली ठेव.

आत्या

२ जून

आत्या,

मधमाश्यांच्या पुस्तकाला खोलीत पहिला नंबर! मिस्त्री म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं पुस्तक भेटलं. राणी, कामकरी, नर, सगळं पाठ. नर काही करत नाहीत, बसून खातात, आणि थंडी आली की कामकरी माश्या त्यांना बाहेर ढकलून देतात, हे वाचल्यावर सगळ्यांनी एकदम मुकादमाचं नाव घेतलं. धूर दिला की माश्या शांत होतात हे मात्र मिस्त्रींना पटत नाही. म्हणतात, "शांत होत नसतील. दम लागत असेल."

खाणीचा शेवटही वाचला. आधी विचारलं, तू म्हणालीस तसं. त्यांनी ऐकला, चांगला आहे म्हणाले आणि झोपले.

आणि तुझं ऐकलं बरं का. मी आता पॅकिंगला आहे. फरश्यांना कोपऱ्याला पुठ्ठे लावायचे, पट्ट्या मारायच्या, धुळीचा संबंध नाही. पगार मुकादमाने तोच ठेवलाय, त्याचा माझ्यावर जीव आहे. म्हणून पैसे वीसच पाठवले, तू उगाच भलता अर्थ काढू नकोस. मालिशवाल्याला बंद करू नका.

तुझा भाचा

१४ जून

मुकादमाचा तुझ्यावर जीव आहे. हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या वाचनालयात ते विनोदी पुस्तकांच्या कपाटात जाईल.

मधमाश्यांच्या पुस्तकाबद्दल तुझं मत छान आहे. तेवढंच पत्रात खरं आहे. माणूस खाणीच्या त्या सोळा पानांवर "चांगला आहे" म्हणून झोपत नाही. मी वाचली तेव्हा दोन दिवस स्वयंपाक केला नव्हता. तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि तू त्याच्यावर पाट टाकून बसलायस.

वीस आले. मी समजले.

मालिशवाल्याला मी कालपासून नको म्हटलं. तुझे जास्तीचे दहा मी वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावणार नाही, ना मी ना वहिनी. तू पाठव, मी ठेवत जाईन. बघू आधी काय संपतं. वहिनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने दादाच्या खाटेखाली झाडू मारला, मग मी बसले होते त्या खाटेखाली, मग जिथे खाट नाही तिथे.

नवीन पुस्तक पाठवत नाही. तू आधी तिथून नीघ, मग तुला हवं ते मागव. चांगल्या शेवटाचं, वाईट शेवटाचं, ब्लेड मी फेकून दिलंय.

२८ जुलै

आत्या,

मिस्त्री गेले. एक महिना होत आला. लिहायला बसलो की दुसरंच काहीतरी आठवायचं, म्हणून उशीर.

त्या सोळा पानांचं आता सांगतो. मी विचारलं, ऐकायचंय का, शेवट वाईट आहे. ते म्हणाले, "शेळ्यांपेक्षा वाईट?" मग मी वाचलं. तुला माहीत आहे, खाली उतरता येत नाही म्हणून तो माणूस खाणीच्या तोंडाशी बाकावर बसून राहतो, आणि एक दिवस सकाळच्या रांगेत त्याला स्वतःचा दिवा दिसतो. त्याच्या पोराच्या हातात. त्याला हाक मारायची असते आणि हाक निघत नाही. रांग आत जाते. एवढं वाचलं आणि मिस्त्री म्हणाले, थांबा. म्हणाले, "त्याने ओरडायला हवं होतं." मी म्हटलं, लिहिलंय ना, दमच नव्हता.  मग ते उठून बसले, खाटेच्या दांड्याला धरून, आणि म्हणाले, "माझ्याकडे अजून थोडा आहे."

आणि माझ्यावर ओरडले, आत्या. खरंच ओरडले. "नीघ इथून! मी तुला आणलं, मीच सांगतोय, चालता हो! पाव काप जा, भीक माग जा!" कधी मला अरेतुरे केलं नव्हतं त्यांनी. सगळी खोली जागी झाली. मग त्यांना जो खोकला आला तो काही केल्या थांबेना, दोघांनी धरलं, मी पाणी घेऊन नुसता उभा. थांबल्यावर परत हळू आवाजात, "उरलेलं वाचा, मास्तर." मी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मग ते झोपले, एवढं मात्र मी तुला खरं लिहिलं होतं.

आणि मी गेलो नाही. पॅकिंग वगैरे सगळं खोटं. त्यांना उठवेना म्हणून मुकादमाने त्यांचं मशीन मला दिलं होतं. त्यावर आणखी पैसे मिळणार होते. मी मनात म्हटलं, अजून थोडे दिवस, बाबा जिना उतरेपर्यंत. मिस्त्रींना कळू नये म्हणून मी खोलीत यायच्या आधी बाहेरच्या नळाखाली डोकं धुवायचो. त्यांना कळत होतं. ओल्या केसांकडे बघायचे आणि मधमाश्यांचं काढा म्हणायचे.

त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचं ओझं काहीच नव्हतं. मी एकट्याने उचललं. तिसऱ्या दिवशी गेले. ड्रायव्हरकाकांना विचारलं, त्यांना गावी न्याल का, ते म्हणाले, पोरा, मी सामान नेतो, माणसं नेतो, हे नाही नेता येत मला. मग सगळ्यांनी वर्गणी काढून गाडी केली. त्यांच्या बायकोला मी फोन केला. ती म्हणाली, "मास्तर का तुम्ही? मला ते फोनवर गोष्ट सांगायचे, तुमच्याकडून ऐकलेली. खाणीतल्या माणसाने शेळ्या पाळल्या, ती." मी हो म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मशीनवर उभा राहिलो आणि पाण्याचा नळ सोडला. मुकादमाने येऊन बंद केला. मी परत सोडला. तो म्हणाला, "तुझ्या बापाचं पाणी आहे का?" आणि बंद केला. मी भांडलो नाही, मोठा कुणी वीर नाही मी. एप्रन काढून मशीनवर ठेवला आणि बाहेर आलो. चढावर थांबावं लागलं मला, आत्या. भांड्यांच्या दुकानाच्या काचेसमोर. थोडाच वेळ. पण मी काचेत बघत होतो आणि मला कळलं मी काय करतोय.

मुकादमाने महिन्याचा पगार खोलीच्या भाड्यात आणि मोडलेल्या फरशीत वळता करून घेतला. आता एका हॉटेलच्या चादरी धुतात तिथे लागलोय. घड्या घालायच्या. सगळं ओलं, सगळीकडे वाफ, पगार बेकरीपेक्षाही कमी. तुझ्या निम्म्यांच्याही खाली. झोपायला चादरींच्या गोदामात जागा दिलीय.

फोटो काढला. माझ्यातही आहे. वरच्या बाजूला, दोन्हीकडे, तांदळाचे दाणे सांडावेत तसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जाणार नाही. धुळीपासून लांब राहिलास तर कदाचित वाढणार नाही, कदाचित सावकाश वाढेल, दर सहा महिन्यांनी बघू. मी विचारलं, शेवट काय? त्या म्हणाल्या, तो मला आज सांगता येत नाही. हे मी तुला जसंच्या तसं लिहिलंय, काही कापलेलं नाही. आईला तूच सांग, माझ्याने होणार नाही.

सध्या कवितांचं पुस्तक वाचतोय. उशीच्या अभ्र्यात राहून धुलाईतून निघालं, अर्धे शब्द गेलेत. जे राहिलेत ते बरे आहेत. एका पानावर फक्त "दार" आणि खाली "अजून" एवढंच उरलंय, मी ते पान बऱ्याचदा उघडतो. वाळलं की तुला पाठवतो, वाचून मत कळव, पण सभासदांना देऊ नकोस. तू प्रवासाचं एखादं पाठव, ज्यात माणूस नुसता चालतो आणि खातो. मोठ्याने वाचायला इथे कुणी नाही, मनात वाचायची सवय करतोय, ओठ हलतात.

वेगळे ठेवलेले दहा आता वापर. मालिशवाल्याला परत बोलाव, जितके दिवस पुरतील तितके दिवस. बाबांना मी काय सांगू ते मला सुचत नाही. त्यांना सांग, पोराने काम बदललं, एवढंच. कुत्र्याला शिवी द्यायला मी येईन तेव्हा धरून नेईन त्यांना.

फोटोचे आणि गाडीच्या वर्गणीचे वजा जाऊन या महिन्याचे पाठवतोय, तीन हजार दोनशे.